भाभांचा असेंबल्ड कॉम्प्युटर

गेल्या सेमिस्टरला आमच्या विंगमध्ये एकच विषय चालू होता, आणि तो अर्थातच अभ्यासाचा नव्हता. आमच्या रूममधला पारोळ्याचा मित्र (विंगमध्ये त्याला सगळे पारोळेकर म्हणतात, इथेही तेच चालू द्या) गेमिंगसाठी पीसी घेणार होता. ठेवायचा घरी, पारोळ्याला. होस्टेलवर एवढं धूड ठेवायला रेक्टर सर कधीच हो म्हणणार नाहीत. बजेट दीड लाख. त्यातले थोडे त्याच्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडचे, बाकीचे वडिलांचे, म्हणजे कापसाचे. वडिलांना त्याने सांगितलं होतं की हे मशीन कॅड आणि रेंडरिंगला लागतं. खोटं नाही, पण पूर्ण खरंही नाही!

मेसच्या टेबलावर रोज वाद. ब्रँडेड तयार मशीन घ्यायचं की असेंबल करायचं? प्रोसेसर इंटेलचा की एएमडीचा? ग्राफिक्स कार्डावर निम्मे पैसे घालायचे का? मॉनिटर सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशात घ्यायचा असं बहुतेकांचं मत होतं. मी त्या वादात फारसा नव्हतो, कारण त्याच आठवड्यात मराठी विभागाच्या सरांनी माझ्या गळ्यात डॉ. होमी भाभांचं चरित्र बांधलं होतं. खरं सांगायचं तर मी कंटाळलो. भाभांवर शाळेत प्रत्येकाने एक तरी निबंध लिहिलेला असतो. अप्सरा, तुर्भे, विमान अपघात, संपलं. पण लायब्ररीत बसून वाचता वाचता एक गोष्ट सापडली, आणि मग मेसच्या वादात मीही तोंड घालू लागलो. सत्तर वर्षांपूर्वी मुंबईत भाभांच्या संस्थेत हाच वाद झाला होता, ब्रँडेड की असेंबल्ड. आणि त्यांनी असेंबल्ड निवडला होता, मॉनिटरसकट.

पण आधी माणूस.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. श्रीमंत पारशी घर, वडील बॅरिस्टर. आत्या सर दोराबजी टाटांच्या घरात दिलेली, त्यामुळे टाटांच्या घरी येणंजाणं. घरात पुस्तकं भरपूर, पाश्चात्त्य संगीताच्या तबकड्या भरपूर. मुलगा चित्रं काढायचा आणि ती खरंच चांगली असायची. कॅथेड्रल स्कूल, मग एल्फिन्स्टन कॉलेज, मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि १९२७ साली केंब्रिज.

आता इथे आपल्यापैकी निम्म्या लोकांना आपलीच गोष्ट वाचल्यासारखं वाटेल. भाभा केंब्रिजला गेले ते मेकॅनिकल इंजिनिअरिंगला! वडिलांचा आणि दोराबजींचा हिशेब सरळ होता. पोराने इंजिनिअर व्हावं, परत यावं आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात लागावं. म्हणजे प्लेसमेंट ॲडमिशनच्या आधीच झालेली. पोराचं मन मात्र फिजिक्समध्ये. त्याने वडिलांना पत्र लिहून कळवलं की धंदा किंवा कारखान्यातली नोकरी हा आपला पिंड नाही, फिजिक्सच करायचं आहे. वडिलांनी चिडून पैसे बंद केले नाहीत, पण हट्टही लगेच पुरवला नाही. अट घातली, आधी मेकॅनिकलमध्ये फर्स्ट क्लास आण, मग गणित शिकायला आणखी राहा. १९३० साली भाभांनी फर्स्ट क्लास आणला. पुढच्या दोन वर्षांत गणिताच्या परीक्षेतही आणला. ब्रँच बदलायची हीच एक सभ्य पद्धत असावी.

केंब्रिजला तेव्हा डिरॅक होते, कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत रदरफर्ड होते. १९३२ साली तिथेच न्यूट्रॉन सापडला. अशा गावात भाभा तरुण होते. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून विखुरतात त्याचं गणित त्यांनी मांडलं, त्याला आजही भाभा स्कॅटरिंग म्हणतात. १९३७ साली हाइटलर यांच्यासोबत त्यांनी कॉस्मिक किरणांच्या सरींचा सिद्धांत मांडला. अवकाशातून आलेला एक वेगवान कण वातावरणात शिरतो, त्यातून दोन होतात, दोनाचे चार, आणि जमिनीपर्यंत पोचेपर्यंत सरच कोसळते. हे सगळं गणित कागद, पेन्सिल आणि हाताने फिरवायच्या यंत्रावर करायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. मधल्या काळात विद्यार्थ्यांनी बसवलेल्या मोत्सार्टच्या एका ऑपेराचे सेटही या गृहस्थांनी केले होते.

१९३९ साली ते सुटीवर भारतात आले आणि महायुद्ध सुरू झालं. परतीची वाट बंद. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन होते, तिथे भाभा रुजू झाले. १९४१ साली, एकतिसाव्या वर्षी, रॉयल सोसायटीचे फेलो. युद्ध संपल्यावर परत जावं असं सुरुवातीला त्यांच्या मनात असणार, कारण काम तिकडेच होतं. पण बंगळूरच्या त्या पाच-सहा वर्षांत विचार बदलला. १२ मार्च १९४४ ला त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या सर सोराब सकलातवालांना पत्र लिहिलं. आशय असा की देशात मूलभूत संशोधनाची संस्था हवी, म्हणजे काही वर्षांनी अणुशक्तीची वेळ आली तर माणसं बाहेरून मागवावी लागणार नाहीत, इथेच तयार असतील. तारीख पुन्हा एकदा बघा. हिरोशिमाला अजून सव्वा वर्षाहून जास्त अवकाश होता.

१ जून १९४५ ला बंगळूरला टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च म्हणजे टीआयएफआर सुरू झाली, आणि त्याच वर्षाअखेरीस मुंबईत पेडर रोडवरच्या केनिलवर्थ बंगल्यात आली. हा बंगलाही नात्यातला, मावशीचा. (जाता जाता एक गंमत. त्याच १९४५ च्या डिसेंबरात आमच्या पारोळेकराच्या शेजारच्या अमळनेरला एक वनस्पती तुपाची कंपनी निघाली. ती पुढे विप्रो झाली आणि ऐंशीच्या दशकात कॉम्प्युटर बनवू लागली. पारोळेकर हे सांगताना असा काही आव आणतो की जणू कंपनी त्याच्या काकांची.) १९४९ मध्ये संस्था गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली. तोपर्यंत देश स्वतंत्र झाला होता, १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोग झाला होता आणि भाभा त्याचे अध्यक्ष होते. नेहरू त्यांना नावाने हाक मारत आणि ते नेहरूंना भाई म्हणत. या मैत्रीचा फायदा त्यांना झाला का? झालाच. फाइल थेट वर जायची. आजच्या कुठल्याही विभागप्रमुखाला विचारा, तो सुस्कारा टाकेल.

आता कॉम्प्युटर.

१९५४ च्या सुमारास टीआयएफआरमध्ये आर. नरसिंहन नावाचे तरुण गणिती अमेरिकेहून पीएच.डी. करून आले. त्यांच्याभोवती इलेक्ट्रॉनिक्सवाल्या काही मुलांचा गट जमला. फिजिक्सच्या पदव्या घेतलेली, विशीतली मुलं. यांतल्या बहुतेकांनी कॉम्प्युटर कधी वापरलेला नव्हता. भाभांनी त्यांना डिजिटल कॉम्प्युटर बांधायला लावला. विकत घेणं अशक्य नव्हतं. कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटने त्याच सुमारास इंग्लंडहून एक मशीन आणलं, मग रशियाहून दुसरं. म्हणजे ब्रँडेडचा रस्ता उघडा होता, परकीय चलन खर्चायची तयारी असली की झालं.

मुलांनी एकदम मोठ्या मशीनला हात घातला नाही. आधी छोटं, प्रायोगिक मशीन बांधलं. ते १९५६ मध्ये चाललं. त्यावर शिकून १९५७ मध्ये मोठं सुरू केलं, १९५९ च्या सुरुवातीला बांधून झालं आणि फेब्रुवारी १९६० मध्ये रीतसर कामाला लागलं.

त्याची पार्ट लिस्ट वाचून मी ती मेसमध्ये मोठ्याने वाचून दाखवली. २,७०० व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे व्हॉल्व्ह. १,७०० जर्मेनियम डायोड. १२,५०० रेझिस्टर. हे सगळं १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच अशा लोखंडी सांगाड्यात. आपल्या होस्टेलच्या खोलीत हा कॅबिनेट आडवाही बसणार नाही, उभाही नाही. व्हॉल्व्ह तापतात, म्हणून खोलीला एसी. पारोळ्याला मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा कूलिंगचा प्रश्न पारोळेकराला पटकन समजला.

मेमरी मात्र त्यांनी फार विचार करून निवडली, आणि मला विचाराल तर सगळ्या मशीनमधली सर्वांत चांगली निवड तीच. त्या वेळी मेमरीचे बरेच प्रकार चालत. पाऱ्याच्या नळीत ध्वनिलहरी फिरवायच्या, फिरत्या ड्रमवर लिहायचं, नाहीतर स्क्रीनच्या काचेवर विद्युतभाराचे ठिपके ठेवायचे. टीआयएफआरच्या मुलांनी घेतली फेराइट कोअर. बारीक चुंबकीय कड्या, प्रत्येक कडीतून तारा ओवलेल्या, कडी एका दिशेने चुंबकित झाली की शून्य, दुसऱ्या दिशेने झाली की एक. अमेरिकेतही ही पद्धत मोठ्या मशीनमध्ये येऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. म्हणजे व्हॉल्व्ह जुन्या पिढीचे आणि रॅम एकदम लेटेस्ट! ४० बिटांचे २,०४८ शब्द त्यात मावत, आणि एकदा वाचायला-लिहायला १५ मायक्रोसेकंद लागत.

आता हिशेब करा. २,०४८ गुणिले ४० म्हणजे ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट, म्हणजे १० केबी. पारोळेकराने लिस्टमध्ये ३२ जीबी रॅम लिहिली होती. म्हणजे साधारण साडेतेहतीस लाख पट. तो जो मॉनिटर बघत होता तो २५६० बाय १४४० चा. एका पिक्सेलला तीन बाइट धरले तर त्या कॉम्प्युटरच्या सबंध मेमरीत या मॉनिटरची जेमतेम सव्वा ओळ मावेल. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झला एक फ्रेम साधारण सात मिलिसेकंद टिकते. तेवढ्या वेळात ते मशीन मेमरीला चारशे साठेक वेळा हात लावू शकलं असतं. एवढ्यात साधा सापाचा गेमही नीट पळणार नाही. आणि तरी त्यावर देशातल्या विद्यापीठांतले आणि संशोधन संस्थांतले लोक आपापली गणितं घेऊन यायचे, कारण हातयंत्रावर जे करायला महिने गेले असते ते इथे कागदी फितीवर भोकं पाडून आत सोडलं की निघायचं. कॉस्मिक किरणांची सर आठवते ना?

आणि मॉनिटर! हे मला स्वतःला नवीन होतं. त्या काळातल्या मशीनचं उत्तर टेलिप्रिंटरवर छापून यायचं, आकड्यांच्या रांगा. या मुलांनी त्याला कॅथोड रे ट्यूबचा पडदाही जोडला. त्यावर आलेख दिसायचा, अक्षरं आणि आकडे दिसायचे. तेव्हा मुंबईत टीव्ही नव्हता. तो १९७२ मध्ये आला. म्हणजे त्या शहरात कुणाच्या घरी टीव्हीचा पडदा येण्याच्या बारा वर्षं आधी कुलाब्याच्या बाजूला एक पडदा कॉम्प्युटरचा आलेख काढत होता.

मेसमधला मॉनिटरचा वाद इथे वळला. मशीन आत कितीही भारी असो, माणसाला दिसतं ते पडद्यावर. पारोळेकराच्या पहिल्या लिस्टमध्ये महागडं कार्ड होतं आणि मॉनिटर घरातलाच जुना, साठ हर्ट्झचा. कार्डाने सेकंदाला दीडशे फ्रेम काढल्या तरी तो पडदा साठच दाखवणार. उरलेल्यांचे पैसे पाण्यात. मग त्याने लिस्ट उलटी केली. आधी मॉनिटर ठरवला, सत्तावीस इंची, १४४० चा, आयपीएस पॅनलचा. व्हीए पॅनलमध्ये काळा रंग जास्त काळा दिसतो, पण स्वस्तातल्या व्हीएमध्ये वेगवान हालचालीमागे काळपट शेपटी राहते. ओलेड सगळ्यात सुंदर, पण बजेटबाहेर. मग तेवढ्या पिक्सेलना पुरेल एवढं कार्ड, मग त्या कार्डाला अडवणार नाही एवढा प्रोसेसर, आणि मग एसएमपीएस. एसएमपीएसबद्दल मी आग्रह धरला, कारण पहिल्या वर्षी मी स्वस्तातला घेतला होता आणि घरी एका दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, तेव्हा तो मदरबोर्डला सोबत घेऊन वर गेला. दुकानदाराने डब्यावरच्या वॅटच्या आकड्याकडे बोट दाखवलं होतं. डब्यावर काय, काहीही छापता येतं.

असो. भाभांकडे येऊ.

या मशीनवर एक टीका नेहमी होते आणि ती खरी आहे. ते कामाला लागलं तेव्हा जुनं झालेलं होतं. १९५९ च्या अखेरीपर्यंत अमेरिकेत ट्रान्झिस्टरवर चालणारे कॉम्प्युटर ग्राहकांच्या हाती पडू लागले होते. इथे आपण २,७०० व्हॉल्व्ह तापवत बसलो. पीसी घरी आणला आणि पुढच्या महिन्यात नवीन सीरिज आली, हे दुःख ज्यांनी भोगलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. भाभांना हे कळत नव्हतं असं नाही. १९६४ मध्ये त्यांच्याच संस्थेत अमेरिकन कंपनीचा सीडीसी ३६०० आला, ट्रान्झिस्टरचा, प्रचंड वेगवान, अमेरिकी मदतीच्या पैशांतून घेतलेला. त्यानंतर घरच्या मशीनचं काम लवकरच संपलं. म्हणजे असेंबल्डचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने शेवटी ब्रँडेड घेतलाच!

मला हा विरोधाभास वाटत नाही. अप्सरेची गोष्ट बघा. ४ ऑगस्ट १९५६ ला तुर्भ्याला ती सुरू झाली, आशियातली रशियाबाहेरची पहिली अणुभट्टी. तिचा आराखडा, बांधकाम, नियंत्रणाची इलेक्ट्रॉनिक्स आपली. इंधन ब्रिटनचं. कारण समृद्ध युरेनियम तेव्हा आपल्याला करता येत नव्हतं आणि ते येईपर्यंत थांबलो असतो तर बाकीचं कधीच शिकलो नसतो. कुठला पार्ट स्वतः बनवायचा आणि कुठला विकत आणायचा, हे त्या माणसाला नेमकं कळायचं. सीडीसी आला तेव्हा तो उघडून समजून घेऊ शकतील अशी माणसं संस्थेत होती, कारण त्यांनी आधी स्वतःच्या हाताने एक बांधला होता. नुसता ब्रँडेड आणला असता तर सोबत कंपनीचा इंजिनिअरही कायमचा आणावा लागला असता. हे माझं मत, सरांना पटेलच असं नाही.

कुलाब्याला समुद्रकाठी संस्थेची स्वतःची इमारत झाली. तिचं उद्घाटन नेहरूंनी जानेवारी १९६२ मध्ये केलं आणि त्याच वेळी या कॉम्प्युटरला नाव मिळालं, टायफ्रॅक. बारशाला दोन वर्षं उशीर झाला होता. ती इमारत बांधतानाचे भाभांचे किस्से वाचण्यासारखे आहेत. बांधकामात येणारी झाडं ते तोडू देत नसत, मुळांसकट उचलून दुसरीकडे लावायला लावत. भिंतींसाठी चित्रं स्वतः निवडत. एम. एफ. हुसेन यांचं भलं मोठं भित्तिचित्र तिथे आहे. शास्त्रज्ञांच्या संस्थेत चित्रं कशाला, असं तेव्हाही लोक म्हणत असतील. लग्न त्यांनी केलं नाही.

१९६२ च्या चीन युद्धानंतर सरकारने भाभांच्या अध्यक्षतेखाली इलेक्ट्रॉनिक्स समिती नेमली. देशाला कुठले पार्ट लागतील, किती लागतील, कुठे बनवता येतील याची यादी करायचं काम. पार्ट लिस्टच, पण सबंध देशाची. त्या समितीचा अहवाल १९६६ च्या सुरुवातीला बाहेर आला तेव्हा भाभा नव्हते.

२४ जानेवारी १९६६. ते व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीला निघाले होते. एअर इंडियाचं कांचनजंगा नावाचं बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरायच्या आधी माँ ब्लां पर्वतावर आदळलं. विमानातले ११७ च्या ११७ गेले. भाभा छप्पन्न वर्षांचे होते. दिल्लीत त्याच दिवशी इंदिरा गांधींचा पंतप्रधान म्हणून शपथविधी होता. शास्त्रीजींना जाऊन दोन आठवडेही झाले नव्हते. घातपाताच्या गोष्टी तेव्हापासून आजपर्यंत सांगितल्या जातात, मेसच्या टेबलावरही सांगितल्या गेल्या. चौकशीत निघालं ते असं की आपण शिखराच्या नेमके कुठे आहोत याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. पुढच्या वर्षी तुर्भ्याच्या केंद्राला भाभांचं नाव दिलं गेलं आणि त्याच १९६७ साली हैदराबादला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन निघालं, ज्याने दोन वर्षांनी स्वतःचा कॉम्प्युटर बाजारात आणला.

पारोळेकराचा पीसी दिवाळीच्या सुटीत उभा राहिला. आम्ही दोघं लॅमिंग्टन रोडला जाऊन पार्ट आणले, मांडीवर मॉनिटरचा खोका धरून रात्रीच्या गाडीने अमळनेर, तिथून एसटीने पारोळा. त्याच्या घरी ओसरीत चटई टाकून बसलो. वडील शेजारी खाटेवर बसून बघत होते. सगळं जोडून बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. पंधरा मिनिटं आमच्या तोंडचं पाणी पळालं. कापसाचे पैसे! मग एक रॅम नीट बसली नव्हती असं लक्षात आलं, ती काढून खटकन दाबली आणि पडद्यावर अक्षरं आली. वडिलांनी चष्मा पुसला, जवळ येऊन पडद्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं की यातलं तू बनवलं काय आणि विकत आणलं काय. पारोळेकर त्यांना एकेक पार्ट दाखवून सांगत बसला, आणि स्वयंपाकघरातून जेवायला हाक आली तरी दोघं उठले नव्हते.